मुगुंगह्वा : एका झुडपावर भरलेला खटला

१/
२०२१ साली 'स्क्विड गेम' ही कोरियन मालिका जगभर गाजली. तिच्या पहिल्याच भागात एक महाकाय बाहुली पाठमोरी उभी राहून एक वाक्य उच्चारते आणि गर्रकन वळते; त्या क्षणी जो हलेल त्याचा मृत्यू ठरलेला. इंग्रजीत त्या वाक्याचे 'लाल दिवा, हिरवा दिवा' असे रूपांतर झाले. मूळ कोरियन वाक्याचा अर्थ मात्र निराळा आहे : मुगुंगह्वाचे फूल फुलले. याच फुलझाडाची रोपे वाढवली म्हणून १९३३ साली एका वृद्ध शिक्षकाला अटक झाली होती. त्या झुडपाचा हा इतिहास.

२/
मुगुंगह्वाचे शास्त्रीय नाव हिबिस्कस सिरियाकस. आपल्या परसातील जास्वंद त्याच्याच प्रजातीतील. भेंडी, अंबाडी आणि कापूस ही त्याच कुळातील दूरची भावंडे. 'सिरियाकस' हे नाव लिनियसने १७५३ साली दिले, परंतु सिरिया ही त्याची मूळ भूमी नव्हे. ते मूळचे चीनकडचे. म्हणजे ज्या झाडाच्या नावावरून पुढे एवढे राजकारण झाले, त्याच्या शास्त्रीय नावातच एक भौगोलिक चूक कायमची कोरली गेलेली आहे.

३/
जास्वंदीला हिमतुषार सोसत नाही. मुगुंगह्वा मात्र कोरियातील कडाक्याची थंडी निभावून नेते. हिवाळ्यात सारी पाने गळून नुसत्या काटक्या उरतात. वसंतात इतर झाडे हिरवी झाली तरी ते उशिरापर्यंत निपचित असते. अननुभवी माळ्याला ते मेले असेच वाटावे. मग पालवी येते आणि जुलैपासून शरदापर्यंत, जवळजवळ शंभर दिवस, ते फुलत राहते. कळ्या नव्या फुटव्यावर धरतात, म्हणून हिवाळा सरता सरता छाटणी केली की बहर अधिक येतो.

४/
त्याचे प्रत्येक फूल मात्र अल्पायुषी. सकाळी उमलते, संध्याकाळी मिटून गळते. दुसऱ्या दिवशी नवी फुले उमलतात. या एकाच निरीक्षणातून दोन परस्परविरोधी अर्थ निघाले. चिनी कवींनी एका फुलाकडे पाहिले आणि त्यांना क्षणभंगुरता दिसली. कोरियनांनी संपूर्ण झुडपाकडे पाहिले आणि त्याला 'मुगुंगह्वा' म्हटले. 'मुगुंग' म्हणजे ज्याला अंत नाही असे. 'ह्वा' म्हणजे फूल.

५/
कोरियाशी या झाडाचे नाते जुने आहे. इ. स. ८९७ मध्ये सिल्ला राज्यातील विद्वान चोए चिवॉन याने चीनच्या थांग दरबारासाठी लिहिलेल्या पत्रात आपल्या देशाचा उल्लेख 'या फुलाची भूमी' अशा अर्थाने केला. तेराव्या शतकातील कवी ई ग्यूबो याच्या लेखनात तर या फुलाच्या नावाची अक्षरे नेमकी कोणती, यावर दोन मित्रांनी घातलेला वाद नोंदलेला आहे.

६/
असे असले तरी येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थबकावयास हवे. जुना उल्लेख सापडणे म्हणजे राष्ट्रीय चिन्ह सापडणे नव्हे. १८९७ साली कोरियन साम्राज्य घोषित झाले, तेव्हा राजघराण्याने आपली मुद्रा म्हणून निवडले ते आलुबुखाऱ्याच्या जातीचे फूल. मुगुंगह्वा राजवाड्याच्या मुद्रेवर नव्हते. ते कुंपणात होते.

७/
कुंपणातून ते राष्ट्राच्या गाण्यात आले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९६ साली सेऊलमध्ये स्वातंत्र्य-कमानीची पायाभरणी झाली, त्या सुमारास देशभक्तिपर गीतांची लाट उसळली होती. त्यांतील एका ध्रुवपदात मुगुंगह्वाने नटलेल्या भूमीचे वर्णन होते. हेच ध्रुवपद पुढे 'आएगुक्गा' या राष्ट्रगीतात गेले. त्या गीताचे शब्द नेमके कोणाचे, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

८/
दरम्यान जपानची पकड घट्ट होत होती. १९०९ साली सेऊलच्या चांगग्यॉनगुंग राजवाड्याच्या आवारात प्राणिसंग्रहालय आणि वनस्पती उद्यान उघडण्यात आले. तेथे जपानी परंपरेतील चेरीची झाडे ओळीने लावली गेली. १९१० साली कोरिया जपानी साम्राज्यात विलीन करण्यात आला. राजांचे निवासस्थान सहलीचे ठिकाण झाले. सत्ता केवळ कायद्याने बोलत नाही; कोणते झाड कोठे लावावयाचे, यातूनही ती बोलते.

९/
आता त्या शिक्षकाकडे वळू. नामगुंग ओक यांचा जन्म १८६३ चा. १८९८ साली 'ह्वांगसॉन्ग सिनमुन' हे वृत्तपत्र सुरू करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. पुढे सेऊलमधील पेह्वा या मुलींच्या शाळेत शिकवताना त्यांनी विद्यार्थिनींकडून कोरियाचा नकाशा मुगुंगह्वाच्या फुलांनी भरतकामात काढून घेतला. वर्गात कोणतेही भाषण न देता केलेले हे भूगोलाचे आणि राजकारणाचे एकत्रित अध्यापन होते.

१०/
१९१८ साली प्रकृतीच्या कारणाने ते होंगचॉन परिसरातील मोगोक या खेड्यात गेले. तेथे त्यांनी शाळा चालवली, देशाच्या इतिहासावर पुस्तके लिहिली आणि मुगुंगह्वाची रोपवाटिका उभारली. हे झाड अशा कामासाठी विलक्षण सोयीचे आहे. एका बोंडात अनेक बिया असतात, त्या सहज रुजतात. फांदीच्या छाटाला ओलसर मातीत मुळे फुटतात. पुढे एका झुडपापासून अनेक रोपे होतात. रोपे गावोगावी जात राहिली. कोवळे रोप तुतीसारखे दिसते, म्हणून तुतीच्या जुड्यांत मिसळून ती पाठवली जात, असे सांगितले जाते.

११/
नोव्हेंबर १९३३ मध्ये पोलिसांनी छापा घातला. सुमारे ७०,००० रोपे उपटून नष्ट करण्यात आली, पुस्तके जप्त झाली आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरील नामगुंग यांना अटक झाली. या प्रकरणाचे नावच मुळी मुगुंगह्वावरून पडले. प्रकृती ढासळल्यावर १९३५ साली त्यांची सुटका झाली. परंतु ते पूर्ववत झाले नाहीत. ५ एप्रिल १९३९ रोजी ते निवर्तले. स्वतंत्र कोरिया त्यांना पाहता आला नाही.

१२/
छाप्यात रोपे आणि इतिहासाची पुस्तके एकाच वेळी नष्ट वा जप्त व्हावीत, हा योगायोग नव्हता. दोन्ही वस्तू एकच काम करीत होत्या : तुम्ही कोण आहात, याची आठवण घराघरांत पोहोचवणे. वृत्तपत्राचे नावही या नजरेतून सुटले नाही. 'दोंग-आ इल्बो' या दैनिकाच्या नावामागे छापले जाणारे मुगुंगह्वाचे चित्र १९३८ साली काढून टाकावे लागले.

१३/
या इतिहासाभोवती दंतकथाही वाढल्या. हे फूल पाहिले की डोळे येतात, शिवले की अंगावर फोड उठतात, अशी समजूत जपान्यांनी मुद्दाम पसरवली, असे अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. परंतु अशा समजुती लोकांत आपोआपही रुजतात. त्यामागे सरकारी हात होता असे म्हणावयाचे तर पुरावा लागतो. 'स्क्विड गेम'मधील खेळाचे वाक्य नामगुंग यांनीच रूढ केले, ही कथाही तशीच. जपानमध्ये अगदी याच धर्तीचा खेळ आहे आणि त्यातील वाक्यही मोजून दहा अक्षरांचेच आहे. खरा इतिहास पुरेसा प्रखर असताना त्याला दंतकथेचा टेकू कशाला?

१४/
१९४५ साली जपानी सत्ता संपली. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रगीतात, १९६३ साली निश्चित झालेल्या राष्ट्रचिन्हात आणि रेल्वेगाडीच्या नावातही मुगुंगह्वा आले. गंमत अशी की, हे आमचे राष्ट्रीय फूल, असे स्पष्ट शब्दांत सांगणारा कायदा तेथे नाही. रूढीनेच ते स्थान त्याला दिले. चांगग्यॉनगुंगमधील प्राणिसंग्रहालय १९८० च्या दशकात हलवण्यात आले, चेरीची झाडे काढली गेली आणि राजवाडा पुन्हा राजवाडा झाला.

१५/
आंदोंग येथील येआन या जुन्या कन्फ्यूशियन विद्यालयाच्या आवारात एक ठेंगणे, लहान फुलांचे मुगुंगह्वा होते. १९१९ च्या स्वातंत्र्य आंदोलनाच्या सुमारास स्थानिक विद्वानांनी ते लावले, अशी परंपरा सांगते. वनस्पतितज्ज्ञ शिम ग्यॉन्गू यांनी या आंदोंग वाणावर काम करून आटोपशीर, कुंडीतही मावेल असे जेमतेम कमरेएवढे झुडूप तयार केले. ते आज पाश्चात्त्य रोपवाटिकांत 'लिल किम' या नावाने विकले जाते. विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यामागील विद्यालय ठाऊक नसते.

१६/
मुगुंगह्वा प्राचीन होते म्हणून राष्ट्रीय झाले, असे म्हणणे सोपे आहे. पण प्राचीन फुले कोरियात आणखीही होती. ते राष्ट्रीय झाले, कारण विसाव्या शतकात काही माणसांनी ते बी पेरून, छाट रुजवून, पाणी घालून वाढवले आणि त्याची किंमत तुरुंगात मोजली. आपल्याकडे कापसाच्या सुताने जे केले, तेच तेथे कापसाच्या या चुलतभावंडाने केले. चिन्हाचे वय मोजण्यापूर्वी ते कोणी जपले, हे विचारावे. ७०,००० रोपे उपटणाऱ्यांनाही त्या झुडपाचे मोल नेमके कळले होते. एरवी कुंपणाच्या झाडासाठी पोलीस कोण पाठवतो?