शिट्टीनंतरची दाद

‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण सहज म्हणून जातो. पण त्या परमेश्वराचा कौल चुकलासे वाटले तर दाद कोठे मागावी, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. आमच्या नगरास हा प्रश्न २ फेब्रुवारी २०२५ रोजी पडला. वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या चालल्या होत्या. गादी विभागाच्या अखेरच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे यास चीत केल्याचा कौल पंचांनी दिला. माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रफीत पाहा, असे राक्षे म्हणू लागला. शब्दाने शब्द वाढला, आणि दोनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या त्या मल्लाने पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड हाही पंचांशी वाद घालून लढत सोडून गेला. गदा मोहोळच्या खांद्यावर गेली आणि राक्षे व गायकवाड या दोघांना लगोलग तीन-तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. मुळातला कौल बरोबर होता की नाही हे पाहण्यासाठी समिती नेमली गेली, ती त्यानंतर. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच!

घरोघर दोन तट पडले. एक म्हणे, पंचावर पाय उगारणाऱ्यास दाद कसली? दुसरा म्हणे, खांदे टेकले नसतील तर बिचाऱ्याने करायचे काय? माझ्या मते दोन्ही तट दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत करीत होते. कौल ही एक गोष्ट आणि शिक्षा ही दुसरी.

आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई. होईल तो निवाडा मानू, असा ‘राजीनामा’ वादी-प्रतिवादी आधीच लिहून देत. त्या काळी हा शब्द नोकरी सोडण्याचा नव्हता, राजी होण्याचा होता. हरणारा ‘यजितखत’ लिहून आपली हार कबूल करी. इतके होऊनही अन्याय झाला असे ज्यास वाटे, तो दुसरे ‘थळ’ मागे किंवा हुजुरापर्यंत जाई. पंचांचा मान राखूनही वरची पायरी मोकळी ठेवण्यात त्या लोकांना विसंगती वाटली नाही.

फुटबॉलच्या खेळानेही हीच वाट हळूहळू धरली. योगायोग असा की, तेथील गाजलेली दादही एका लाथेचीच आहे. १९६२ साली चिली देशात विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलच्या गारिंचाने प्रतिपक्षाच्या खेळाडूस लाथ मारली म्हणून पंचांनी त्यास बाहेर काढले. मग चौकशी बसली. पण ज्या रेषापंचाने ती लाथ पाहिली तोच तिच्यापुढे हजर नव्हता. गारिंचा सुटला, अंतिम सामना खेळला, आणि ब्राझीलने चेकोस्लोव्हाकियाला ३-१ असे हरवले. साक्षीदारावाचून ऐकलेली दाद म्हणजे न्याय नव्हे, मेहेरबानी होय.

त्याच स्पर्धेत पंचगिरी केलेल्या केन ॲस्टन या इंग्रज गृहस्थांना पुढे रस्त्यावरील दिव्यांवरून पिवळ्या व तांबड्या पत्त्यांची कल्पना सुचली. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात ते पत्ते आले. तांबडा पत्ता निघाला की खेळाडूने निमूट बाहेर जावयाचे. सामना काही थांबत नाही. पण पुढील सामन्यांची बंदी हा वेगळा मामला ठरला. २२ मार्च २०१४ रोजी चेल्सी व आर्सेनल यांच्या सामन्यात चेंडूला हात लागला ऑक्स्लेड-चेंबरलेन याचा, आणि पंचांनी बाहेर काढले किरन गिब्ज यास! तो सामना काही पुन्हा खेळवला गेला नाही. आर्सेनल ०-६ ने हरला तो हरलाच. गिब्जवरील बंदी मात्र टळली. दादीची सोय नसती, तर एकाच्या हाताची शिक्षा दुसऱ्याने भोगली असती.

यावर कोणी म्हणेल, अशाने जो तो दाद मागत सुटेल. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्यावरही तोड काढली आहे. तक्रार अगदीच पोकळ ठरली, तर शिक्षा वाढूही शकते. म्हणजे उगाच दार ठोठावणारा आपोआप दोनदा विचार करतो.

मी पेशाने मास्तर; शिक्षा करणाऱ्यांच्या पंथातला. शिक्षा नसावी असे मी म्हणणार नाही. पंचावर पाय उगारला त्याला शिक्षा हवीच; चुकीचा कौल हे लाथेचे कारण असेल, समर्थन नव्हे. आखाड्यातला कौल तिथल्या तिथे मानला पाहिजे, नाहीतर एकही कुस्ती निकाली होणार नाही. पण तीन वर्षे म्हणजे काही एक कुस्ती नव्हे. मल्लाची उमेदीची वर्षे मुळातच थोडी. पहाटेच्या जोर-बैठका, दूध-बदामाचा खुराक, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पुरवलेला पैसा, हे सारे त्या थोड्या वर्षांच्या भरवशावर चाललेले असते. त्यांतली तीन काढून घ्यायची, तर चित्रफीत पाहून, दोन्ही बाजू ऐकून, आणि ज्यांनी शिक्षा दिली त्यांच्याहून वेगळ्या माणसांपुढे एकवार दाद मागू देऊनच काढावीत. मग शिक्षा कायम झाली तरी पैलवान ती खाली मान घालून भोगील, आणि पंचांचा मानही वाढेल.