ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील घरमालक-भाडेकरू संबंध : हक्क आणि दुरुस्तीचे दायित्व

प्रस्तावना :
16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे आणि पुढील वर्षी कल्याणपर्यंत रेल्वे सुरू झाली. तेव्हापासून ही गावे मुंबईच्या नोकरदारांच्या निवासाची ठिकाणे होऊ लागली. जुने वाडे आणि भाड्याच्या चाळी यांतून येथील मध्यमवर्गीय वस्ती आकारास आली. ठाणे व कल्याण-डोंबिवली या महानगरपालिका अनुक्रमे 1982 व 1983 मध्ये अस्तित्वात आल्या; मात्र घरमालक व भाडेकरू यांच्या संबंधांचा कायदा त्याहून जुना आहे. या कायद्याने भाड्यावर नियंत्रण ठेवले, तरी इमारतीच्या दुरुस्तीचा प्रश्न कितपत सोडविला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

1947 चा अधिनियम :
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई व परिसरात घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली. या पार्श्वभूमीवर मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, 1947 संमत झाला. 1 सप्टेंबर 1940 रोजी असलेले भाडे हा 'प्रमाण भाडे' ठरविण्याचा मुख्य आधार मानण्यात आला. प्रमाण भाडे नियमित भरणाऱ्या भाडेकरूस केवळ मालकाच्या इच्छेने घराबाहेर काढता येणार नाही, हे या कायद्याचे मुख्य तत्त्व होते. जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे दायित्व मालकावर होते.

1973 च्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारी 1973 रोजी अनुज्ञप्तीवर (लिव्ह अँड लायसन्सवर) जागा वापरणाऱ्यांनाही भाडेकरूंचा दर्जा मिळाला. यामुळे अनेकांच्या डोक्यावरील छप्पर टिकले, परंतु दिलेली जागा परत मिळणार नाही अशी धास्ती मालकवर्गात बळावली. पुढील काळात घर भाड्याने देण्यापेक्षा सदनिका बांधून विकण्याकडे कल वाढला, त्यामागील कारणांपैकी हे एक कारण होय.

मुंबई आणि ठाणे यांतील भेद :
भाडे गोठले, पण सिमेंट, लाकूड व मजुरी यांचे दर गोठले नाहीत. परिणामी दुरुस्ती मालकास परवडेनाशी झाली. मुंबई शहरात शासनाने यावर 1969 च्या अधिनियमाद्वारे मार्ग काढला. जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्ती व पुनर्रचनेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन करण्यात आले. ही व्यवस्था मुंबई शहर बेटापुरतीच मर्यादित राहिली. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील भाडेकरूंना भाडेनियंत्रण मिळाले, पण दुरुस्ती मंडळ मिळाले नाही. येथील प्रश्नाचे मूळ या भेदात आहे.

1999 चा अधिनियम :
प्रमाण भाडे गोठविणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे मत सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर 1997 मध्ये व्यक्त केले. त्यानंतर राज्यातील तीन वेगवेगळे भाडेकायदे एकत्र करणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. या अधिनियमाने मालकास दरवर्षी 4 टक्के भाडेवाढीचा अधिकार दिला, पागडीस वैधता दिली, भाडेपावती देणे बंधनकारक केले आणि पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सुविधा तोडण्यास मनाई केली. करार लेखी व नोंदणीकृत असावा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची राहील, असे कलम 55 सांगते. नोंदणी नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

कलम 14 नुसार दुरुस्तीचे दायित्व मालकाचेच आहे. नोटीस देऊनही त्याने ते टाळल्यास भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम वार्षिक भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. उदाहरणादाखल, मासिक भाडे 60 रुपये असल्यास वार्षिक भाडे 720 रुपये होते आणि वळती करता येणारी रक्कम अवघी 180 रुपये. तसेच 4 टक्के वाढीने मालकाच्या पदरी पहिल्या वर्षी महिन्याला 2 रुपये 40 पैसे अधिक पडतात. या रकमांत छताची गळतीही थांबत नाही. हक्क आहे, दायित्वही आहे. परंतु दोहोंना पुरेल असे आर्थिक बळ नाही.

धोकादायक इमारती :
जुलै 2015 मध्ये ठाकुर्ली येथे आणि ऑगस्ट 2015 मध्ये ठाण्यातील नौपाडा येथे जुन्या इमारती कोसळून रहिवाशांचे बळी गेले. महानगरपालिका धोकादायक इमारतींची यादी करते, नोटिसा देते व इमारती रिकाम्या करते. तथापि, एकदा घर सोडले की हक्क गेला, या भीतीने भाडेकरू धोका पत्करून तेथेच राहतो. इमारत नष्ट झाली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शहा रतनसी खिमजी खटल्यात दिला. हा हक्क प्रत्यक्षात येण्यासाठी मात्र त्या जागी नवी इमारत उभी राहावी लागते.

निष्कर्ष :
घरमालक विरुद्ध भाडेकरू अशी या प्रश्नाची मांडणी अपुरी आहे. अल्प भाडे आणि दुर्लक्षित दुरुस्ती या एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत. मुंबई शहराबाहेरील जुन्या भाड्याच्या इमारतींना दुरुस्तीसाठी सार्वजनिक निधी आणि घर सोडताना हक्काची लेखी हमी मिळाल्याशिवाय भाडेकरूचे संरक्षण पूर्ण होणार नाही. राहत्या घराचा हक्क ते घर सुरक्षित उभे असेल तरच अर्थपूर्ण ठरतो.