आरक्त चेहऱ्याचा इतिहास : नैतिक निवाड्यापासून सौम्य उपचारापर्यंत

प्रास्ताविक

मराठीत माणूस लाजेने लाल होतो आणि रागाने लालबुंद होतो. चेहऱ्यावरील लाली ही मनाची खूण मानण्याची सवय भाषेतच रुजलेली आहे. ही लाली क्षणात ओसरत असेल तर त्या सवयीने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु ती महिनोन्‌महिने टिकून राहते, तेव्हा पाहणारे तिच्यात मद्यपान, संताप किंवा अस्वच्छता शोधू लागतात आणि विकाराइतकाच हा शोधही रुग्णाला जाचक होतो. वैद्यकशास्त्र या दीर्घकालीन विकारास 'रोझेशिया' असे म्हणते. गाल, नाक, कपाळ व हनुवटी यांवर वारंवार येणारी व पुढे कायम राहणारी लाली, त्वचेखाली दिसू लागणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या, पुरळ, पुळ्या आणि जळजळ ही त्याची प्रमुख लक्षणे होत. काही रुग्णांच्या डोळ्यांनाही त्याची बाधा होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे ५ टक्के लोकांना हा विकार असावा.

या विकाराच्या उपचारांचा इतिहास ही केवळ औषधांची जंत्री नव्हे. लाली त्वरित पुसून टाकण्याची घाई आणि त्वचा का चिडते याचा शांतपणे घेतलेला शोध, या दोन वृत्तींमधील संघर्ष त्यात दिसून येतो. प्रस्तुत निबंधात या संघर्षाचा मागोवा घेऊन त्याचा भारतीय अनुभवाशी असलेला संबंध तपासला आहे.

साहित्य व चित्रकलेतील आरक्त चेहरा

चौदाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक गी द शोलियाक याच्या लेखनात चेहऱ्यावरील अशा लालीचे वर्णन सापडते. त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी जेफ्री चॉसर याने 'कँटरबरी टेल्स'मध्ये धर्मन्यायालयाच्या एका समन्स बजावणाऱ्या सेवकाचे चित्र रेखाटले. त्याचा चेहरा आगीसारखा लाल व पुळ्यांनी भरलेला असून मुले त्याला पाहून भितात. लसूण, कांदा आणि तांबडी कडक दारू या त्याच्या आवडीच्या वस्तू. त्याचा आजार नेमका कोणता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींनी तो कुष्ठरोग मानला आहे. मात्र त्याच्यावर निष्फळ ठरलेल्या उपायांची जी यादी चॉसर देतो, ती वैद्यकाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पारा, मुरदाडशिंग, गंधक, टाकणखार, सफेता आणि टार्टरचे तेल ही ती द्रव्ये होत. त्यांपैकी पारा आणि शिशाची संयुगे विषारी असून इतरही बहुतेक द्रव्ये त्वचेला दाहक आहेत. विकृत चेहऱ्याला जाळूनच शुद्ध करावे लागते, अशी त्या काळातील धारणा या यादीतून दिसते.

शेक्सपियरच्या नाटकांतील बार्डॉल्फ या पात्राचे लाल नाक हा फॉल्स्टाफच्या विनोदाचा कायमचा विषय आहे. तेथेही लाली आणि मद्य यांची सांगड गृहीतच धरलेली आहे. याउलट, फ्लॉरेन्सचा चित्रकार डोमेनिको गिर्लांदायो याने १४९०च्या सुमारास काढलेल्या आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या चित्रात एक वृद्ध व त्याचा नातू दिसतो. वृद्धाचे नाक गाठींनी विद्रूप झालेले आहे. चित्रकाराने ते झाकलेले नाही, आणि बालकाच्या नजरेत तिरस्काराचा लवलेशही नाही. असा दृष्टिकोन मात्र अपवादात्मकच राहिला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील बलाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन यालाही हाच नाकाचा विकार होता. त्याच्या छायाचित्रांतील नाक अनेकदा दुरुस्त करून दाखविले जाई. अफाट संपत्तीदेखील त्याला लोकांच्या नजरेपासून वाचवू शकली नाही.

वर्गीकरण आणि कारणांचा शोध

एकोणिसाव्या शतकात त्वचारोगांचे पद्धतशीर वर्गीकरण सुरू झाले. लंडनमध्ये रॉबर्ट विलन याने घातलेल्या पायावर त्याचा शिष्य थॉमस बेटमन याने १८१३ साली आपला संक्षिप्त ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या विकारास मुरुमांचा एक प्रकार मानून 'ॲक्ने रोझेशिया' हे नाव दिलेले आहे. या नावाने विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली. मात्र मुरुमांशी जोडलेले त्याचे नाते दीर्घकाळ सुटले नाही. नाकाच्या विद्रूप वाढीला व्हिएन्ना येथील फर्डिनांड फॉन हेब्रा याने १८४५ साली 'रायनोफायमा' ही संज्ञा दिली. त्यापूर्वी, १८४१-४२ मध्ये, याकोब हेनले व गुस्ताव्ह सिमॉन यांना केसांच्या मुळाशी राहणाऱ्या एका सूक्ष्म कीटकाचा शोध लागला होता. 'डेमोडेक्स' हा तो जीव बहुतेक प्रौढांच्या त्वचेवर असतो, तथापि रोझेशियाच्या रुग्णांत त्याची संख्या पुष्कळ अधिक आढळते. या शोधाचे उपचारातील महत्त्व पटण्यास मात्र दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला.

मधल्या काळात नैतिक निवाड्याने वैद्यकीय वेष धारण केला. मद्याची जागा प्रथम पोटाने घेतली. १९२० साली राइल व बार्बर या ब्रिटिश डॉक्टरांनी रोझेशियाच्या रुग्णांच्या जठररसाची तपासणी प्रसिद्ध केली आणि जठरातील आम्लाच्या कमतरतेवर उपचार होऊ लागले. पुढे पोटाची जागा मनाने घेतली. १९३९ साली क्लेबर व विटकोव्हर यांनी भावनिक घटकांवर भर देणारे विवेचन केले. या अभ्यासकांचा हेतू प्रामाणिक होता. परंतु चेहऱ्याच्या विकाराचे मूळ रुग्णाच्या वर्तनात किंवा स्वभावात शोधण्याची जुनीच दिशा त्यांच्याही प्रयत्नांत कायम राहिली.

मद्याचा संबंध अगदीच निराधार नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. अमेरिकेतील ८२,७३७ स्त्रियांचा १४ वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मद्यपान आणि रोझेशिया यांचा संबंध आढळला. तथापि धोक्यातील ही वाढ मर्यादित आहे आणि मद्याला कधीही न शिवलेल्या व्यक्तींनाही हा विकार होतो. गरम पेयांविषयीचा समजही असाच तपासून पाहावा लागला. १९८१ साली जॉन विल्किन यांनी दाखवून दिले की गरम कॉफीने आणि नुसत्या गरम पाण्यानेही चेहरा लाल होतो, थंड कॉफीने होत नाही. म्हणजेच दोष कॉफीचा नसून उष्णतेचा होता. चहा-कॉफी सोडण्याचा सरसकट सल्ला देण्याऐवजी ती निववून घेण्यास सांगणे, एवढा साधा बदल या प्रयोगातून निघाला.

स्टेरॉइडचे पर्व

१९५२ साली सल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचा त्वचेवर यशस्वी वापर केला आणि त्वचाविज्ञानात नवे युग सुरू झाले. इसबासारख्या विकारांत या औषधांनी दिलेला दिलासा निर्विवाद आहे. लवकरच अधिक प्रखर स्टेरॉइड उपलब्ध झाली. त्यांची शक्ती मोजण्यासाठी मॅकेन्झी व स्टाउटन यांनी १९६२ साली एक पद्धत मांडली. औषध लावल्यावर रक्तवाहिन्या आकुंचन पावून त्वचा किती पांढुरकी पडते, यावर ती आधारलेली होती. जे औषध त्वचेला अधिक फिकट करील ते अधिक शक्तिशाली, असे हे गणित होते. लाल चेहऱ्याने त्रस्त झालेल्या रुग्णाला या औषधाचा मोह पडणे स्वाभाविकच होते.

लाली काही तासांत नाहीशी होई. परंतु दीर्घकाळच्या वापराने त्वचा पातळ होत जाई, रक्तवाहिन्या कायमच्या रुंदावत आणि मलम थांबविताच लाली व जळजळ दुपटीने उसळे. ती शमविण्यासाठी रुग्ण पुन्हा त्याच मलमाकडे वळे. १९७४ साली लेडन, थ्यू व क्लिगमन यांनी या अवस्थेचे 'स्टेरॉइड रोझेशिया' या नावाने वर्णन केले. उपायच विकाराचे कारण ठरल्याने रुग्णाची गत आगीतून फुफाट्यात पडल्यासारखी झाली.

चिडलेल्या त्वचेचे विज्ञान

याच सुमारास दुसरा, अधिक संयत मार्गही आकार घेत होता. १९६६ साली स्नेडन यांनी टेट्रासायक्लिनची आणि १९७६ साली पाय व बर्टन यांनी मेट्रोनिडॅझोलची उपयुक्तता दाखविली. ही औषधे येथे केवळ जंतुनाशक म्हणून नव्हे, तर दाह कमी करणारी म्हणूनही काम करतात, हे क्रमाने स्पष्ट झाले. २००७ साली यामासाकी, गॅलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोझेशियाच्या त्वचेत कॅथेलिसिडिन या संरक्षक प्रथिनाचे प्रमाण वाढलेले व स्वरूप बदललेले असल्याचे सिद्ध केले. शरीराची संरक्षण यंत्रणाच येथे अतिरेकी बनते, असे या संशोधनाने सूचित केले. अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळालेल्या आयव्हरमेक्टिन मलमामुळे हेनले व सिमॉन यांच्या सूक्ष्म कीटकाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. मात्र २०१३ साली मान्य झालेल्या, रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचित करणाऱ्या ब्रिमोनिडिन जेलच्या वापरानंतर काही रुग्णांत लाली अधिक तीव्रतेने परतल्याची नोंद झाली. घाईने लाली पुसण्याचे मोल येथेही मोजावे लागले.

त्वचेच्या बाह्य आवरणाविषयीचे ज्ञानही या काळात वाढले. शादे व मार्किओनिनी यांनी १९२८ साली त्वचेच्या पृष्ठभागावरील आम्लधर्मी आवरणाची कल्पना मांडली होती. साधा साबण अल्कधर्मी असल्याने तो या आवरणाचा समतोल बिघडवितो. विटा आणि त्यांना सांधणारा चुना यांची उपमा देऊन पीटर इलायस यांनी त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या स्तराची रचना विशद केली. पेशी या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्ये हा चुना होय. हा चुना झिजला की एरवी निरुपद्रवी असणारे पदार्थही त्वचेला झोंबू लागतात. १९७७ साली फ्रॉश व क्लिगमन यांनी लॅक्टिक आम्ल वापरून ही झोंबण्याची संवेदना पारखण्याची पद्धत दिली. त्यामुळे नाजूक त्वचेची तक्रार ही रुग्णाची निव्वळ कल्पना नाही, हे मान्य होण्यास मदत झाली.

आजच्या उपचाराची बैठक या ज्ञानातून घडली आहे. सौम्य, साबणविरहित द्रव्याने व कोमट पाण्याने चेहरा धुणे, तो न घासता टिपणे, सुगंधरहित स्निग्ध मलम लावणे, झिंक ऑक्साइडसारख्या घटकांनी युक्त सूर्यरोधक वापरणे आणि ऊन, उष्णता, तिखट पदार्थ यांपैकी स्वतःला काय बाधते याची नोंद ठेवणे, हे तिचे मुख्य घटक आहेत. औषधांची निवड त्यानंतर लक्षणांनुसार केली जाते. २०१७ साली सुधारलेल्या वर्गीकरणातही ठरावीक उपप्रकारांऐवजी प्रत्येक रुग्णात प्रत्यक्ष दिसणाऱ्या लक्षणांना प्राधान्य देण्यात आले.

गव्हाळ त्वचा आणि भारतीय अनुभव

या इतिहासातील बहुतेक वर्णने गोऱ्या त्वचेवरून केलेली आहेत. उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावर आधारलेली फिट्झपॅट्रिक यांची त्वचेची श्रेणी १९७५ साली प्रथम मांडली गेली, तेव्हा तीत गोऱ्या त्वचेचाच विचार होता. सावळ्या व काळ्या त्वचेचे वर्ग नंतर जोडले गेले. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर लाली ठळक दिसत नाही. ती तपकिरी वा काळसर छटेत लपते आणि रुग्ण केवळ आग, उष्णता व कोरडेपणा यांची तक्रार करतो. अशा त्वचेत रोझेशियाचे निदान उशिरा होते वा निसटते. 'हा गोऱ्यांचा आजार' ही समजूत त्यामुळे टिकून राहिली.

याच प्रदेशात स्टेरॉइड मलमांनी वेगळे संकट उभे केले. त्वचा फिकट करण्याचा त्यांचा गुणधर्म गोरेपणाच्या आकांक्षेला सोयीचा ठरला. भारतातील १२ केंद्रांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या विकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, स्टेरॉइड मलम वापरत असल्याचे आढळले. त्यांपैकी १२६ जणांनी ते गोरेपणाचे किंवा नित्याच्या वापराचे क्रीम म्हणून लावले होते आणि २५७ जणांना त्याची शिफारस डॉक्टरांखेरीज इतरांनी केली होती. या अवस्थेला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाची स्वतंत्र संज्ञा दिली. त्यांच्या प्रयत्नांनंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा १४ स्टेरॉइडना असलेली सवलत रद्द करून त्यांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशी बांधली. नियम आवश्यक होता. परंतु शेजारणीने सुचविलेली नळी औषधाच्या दुकानातून सहज आणण्याची सवय केवळ अधिसूचनेने मोडत नाही.

समारोप

सहा शतकांच्या या वाटचालीतून एक सूत्र हाती लागते. चॉसरच्या काळातील पारा आणि विसाव्या शतकातील प्रखर स्टेरॉइड यांत शास्त्रीयदृष्ट्या मोठे अंतर आहे. परंतु दोहोंच्या वापरामागे चेहरा इतरांच्या नजरेला मान्य व्हावा हीच निकड होती. उपचारात खरी प्रगती झाली ती लालीला चारित्र्याचा पुरावा न मानता त्वचेची तक्रार मानल्यामुळे. ही प्रगती संथ आहे आणि तिच्यात पूर्ण बरे होण्याचे आश्वासन नाही. विकार आटोक्यात ठेवणे एवढेच तिचे उद्दिष्ट आहे. महाविद्यालयीन वर्गांत बसणारी तरुण पिढी ही चेहऱ्याविषयीच्या चिंतेची आणि म्हणूनच अशा मलमांचीही पहिली गिऱ्हाईक आहे. तिला या इतिहासाची ओळख करून देणे हे एकट्या वैद्यकाचे काम नसून भाषा, समाजशास्त्र व विज्ञान यांच्या अध्यापकांचेही आहे. लाल चेहऱ्याच्या माणसाला आपण कोणत्या नजरेने पाहतो, यावर तो उपचारासाठी डॉक्टरकडे जाईल की लपवण्यासाठी दुकानाकडे, हे पुष्कळ अंशी ठरत असते.