परदेशी शिक्षण: प्रश्न गुणवत्तेचा की सत्तेचा?

"गुणवत्ता असेल तर परदेशात जाण्यापासून कोणी अडवत नाही," असे आमच्या मुलांना सर्रास ऐकवले जाते. इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो.

बाबासाहेबांचेच पाहा. १९१३ साली बडोदा संस्थानाची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध पेटले होते. त्यांची पुस्तके ज्या बोटीत होती, ती पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. बाबासाहेबांची गुणवत्ता कुठे कमी पडली होती? सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

राजांची कृपा आणि मित्रांचे कर्ज यांवर समाज उभा राहत नाही, हे त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणून १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी लिनलिथगोंना निवेदन दिले आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला. दुसरे महायुद्ध चालू होते, 'चले जाव'चे आंदोलन पेटले होते. अशा वेळी त्यांनी सत्तेत बसून समाजाचा हक्क मागितला. त्यानंतर आपली मुले सरकारी खर्चाने परदेशी गेली.

१९५४-५५ पासून राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू आहे. आज तिच्या जागा अवघ्या १२५. त्यातही २०२२ मध्ये केंद्राने नियम केला की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ती मिळणार नाही. म्हणजे १९१६ मध्ये कोलंबियात जातिसंस्थेवर निबंध वाचणारे भीमराव आज अर्ज करते, तर अपात्र ठरते! २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली, पण सुरुवातीला पत्रे मिळाली फक्त ४० जणांना. बाकीच्यांना सांगितले गेले, निधी असेल तर बघू.

दुसरी भिंत तिकडच्या सरकारांची. २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. मे २०२५ मध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. श्रीमंताचा मुलगा एक वर्ष थांबू शकतो. शेतमजुराच्या मुलीचे ते वर्ष हातचे जाते.

दार उघडते तेही राजकारणानेच. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या, लोणार तालुक्यातील पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे भटक्या-विमुक्त समाजातून आले. २०२१ मध्ये चेवनिंग शिष्यवृत्तीवर ते लंडनच्या सोआसमध्ये शिकले. चेवनिंग हा ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा कार्यक्रम आहे. सोआसची स्थापना १९१६ मध्ये झाली, ती साम्राज्याला अधिकारी तयार करून हवे होते म्हणून. केंद्रेंनी मात्र तिथली वाट आपल्या मुलांसाठी वापरली. त्यांचे एकलव्य फाउंडेशन पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणापर्यंत नेते.

मित्रांनो, अर्ज जरूर करा, इंग्रजी पक्के करा. पण व्हिसा अडला, निधी थांबला, तर स्वतःला नालायक समजू नका. जागा किती, विषय कोणते, पैसा कधी, हे सारे सत्तेत ठरते. म्हणून हे प्रश्न आमदार-खासदारांना विचारा, मोर्चाच्या मागण्यांत लिहा. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये जे मागितले, ती खैरात नव्हती. तो हक्क होता आणि आजही आहे.

जय भीम!