जुनी मोटार एका बाजूला कलली? आधी मोजमाप, मग दुरुस्ती

वारूळवाडी (ता. जुन्नर) : घरातील जुनी प्रीमियर पद्मिनी वा अ‍ॅम्बेसेडर अंगणात उभी असताना एका बाजूला 'बसलेली' दिसू लागली, की मालकाच्या मनात पहिला संशय येतो तो शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा. ते बदलले जातात, खर्च होतो आणि मोटार पूर्वीसारखीच कललेली राहते. कारण मोटारीचे वजन शॉकअ‍ॅब्सॉर्बर पेलत नाहीत. ते केवळ हेलकावे आवरतात. वजन पेलतात त्या स्प्रिंगा आणि पाटे. त्यामुळे कल का आला, याचा शोध तेथूनच सुरू करावा लागतो.

पुणे-नाशिक महामार्गालगतच्या नारायणगाव-वारूळवाडी परिसरात, तसेच राज्यात अन्यत्रही, अशा जुन्या मोटारी हौसेने जपणारी घरे आहेत. त्यांच्यासाठी ही माहिती.

मोटारीची रचना

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात पद्मिनी तयार होत असे. मूळची ही फियाट ११००. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हिच्या पुढील चाकांना दुहेरी विशबोन व गुंडाळी स्प्रिंग असते, तर मागे अखंड अ‍ॅक्सल आणि त्याखाली पाटे. अ‍ॅम्बेसेडरच्या मागील बाजूसही पाटेच असतात. पुढे मात्र गुंडाळी स्प्रिंगऐवजी पीळ पडून वजन पेलणारी पोलादी कांब, म्हणजे टॉर्शन बार असतो. जुन्या जीपला चारही चाकांशी पाटे असतात. आपल्या मोटारीत कोठे काय आहे, हे समजल्याखेरीज निदान शक्य नाही.

मोजमाप कसे घ्यावे?

प्रथम चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, हे पाहावे. पुढील जोडीत आणि मागील जोडीत डाव्या-उजव्या टायरची हवा समान ठेवावी. डिकीतील सामान काढावे. गॅसची टाकी बसविलेली असल्यास तिचे वजन मागील पाट्यांवर कायम असते, हे ध्यानात ठेवावे. जमीन समपातळीत आहे की नाही, हे नजरेने ठरवू नये. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी चारही चाकांपाशी धरून खात्री करावी.

मोटार काही फूट पुढे-मागे ढकलावी, पुढून व मागून दाबून दोन-तीन हेलकावे द्यावेत आणि स्थिर होऊ द्यावी. नंतर प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरील मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजल्यास टायरमधील फरक त्यात मिसळतो. जुन्या अपघातानंतर मडगार्ड ठोकून बसविलेले असू शकते. म्हणून सांगाड्यावरील डावी-उजवीकडची समान ठिकाणे निवडून त्यांची जमिनीपासूनची उंचीही पडताळावी.

दोष पुढे की मागे?

येथेच बहुतेकांची फसगत होते. मोटारीचा सांगाडा ताठ असतो. मागील डावा पाटा कमकुवत झाला, की पुढील डावी बाजूही थोडी खाली येते आणि पुढील उजवी बाजू किंचित उचलली जाते. परिणामी निर्दोष असलेली पुढील स्प्रिंगच बदलली जाते.

यावर एक साधी चाचणी आहे. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. मागील अ‍ॅक्सलच्या बरोबर मध्याखाली जॅक लावून मागील चाके जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकेच उचलावे. आता अ‍ॅक्सल मध्यावर डोलू शकतो. त्यामुळे मागील पाट्यांचा कलावर प्रभाव उरत नाही आणि सांगाडा पुढील स्प्रिंगांच्या आधाराने स्थिरावतो. या स्थितीत मोटार सरळ झाली, तर दोष मागे. कल कायम राहिला, तर दोष पुढे. नंतर मागील चाकांना ठोकळे लावून पुढील क्रॉस-मेंबरच्या मध्याखाली जॅक लावावा आणि उलट पडताळणी करावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या मोटारीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये.

पुढील अँटी-रोल बार अडकल्यानेही कल येऊ शकतो. त्याची एका बाजूची जोडणी सोडून पाहिल्यास शंका फिटते.

मागील बाजूची कारणे

पाट्यांचा बाक उतरणे हे सर्वांत नेहमीचे कारण. मोटार सपाटीवर उभी असताना पाट्याच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांमध्ये दोरा ताणून मध्याचे अंतर दोन्हीकडे मोजावे. तुटलेले पान, सैल यू-बोल्ट, तुटलेला सेंटर बोल्ट, झिजलेले शॅकलचे बुश आणि गंजलेली बैठक हेही तपासावे. नवे रबरी बुश बसविताना चाके लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले, तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि ती बाजू उंच राहते. शेवटची आवळणी मोटार स्वतःच्या वजनावर उभी असतानाच करावी.

मुख्य पान तुटले असेल, तर मोटार चालवूच नये. अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवणारे तेच पान असते. ते सुटल्यास अ‍ॅक्सल सरकतो आणि भर वेगात मोटार हाताबाहेर जाऊ शकते.

पुढील बाजूची कारणे

गुंडाळी स्प्रिंगचे टोक तुटणे, तिचे टोक खाचेत नीट न बसणे, बैठकीचे रबर नाहीसे होणे, विशबोनचे बुश झिजणे ही येथील कारणे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीवघेणी ताकद साठलेली असते. ती घरी उघडू नये. अ‍ॅम्बेसेडरच्या टॉर्शन बारची उंची जुळविता येते. मात्र मागील पाट्याचा दोष झाकण्यासाठी तो पिळू नये. तसे केल्यास वरवर मोटार सरळ दिसते, पण वजन तिरक्या दोन चाकांवर अधिक पडते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताच ती एका बाजूला ओढते.

दुरुस्तीनंतर

स्प्रिंगा वा पाटे नेहमी जोडीनेच बदलावेत. पाट्यांना पुन्हा बाक देऊन घेतल्यास दोन्ही बाजूंचा बाक समान आहे, याची मोजून खात्री करावी. उंची बदलली, की चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांच्या झोताची दिशाही बदलते. ती जुळवून घ्यावी. पंधरा दिवस मोटार चालवून तीच चार मापे पुन्हा घ्यावीत आणि पहिल्या नोंदीशेजारी लिहावीत. पुढच्या वेळी मेकॅनिककडे जाताना ही चार आकड्यांची वही बरोबर असली, तर अनावश्यक सुटे भाग बदलण्याचा खर्च टळेल.