टाकी कुणाची?

फेब्रुवारीतली गोष्ट. ईडन प्रेरीच्या दक्षिण टोकाला, जिथून मिनेसोटा नदीकडे उतार सुरू होतो, तिथल्या एका जुन्या घरात आम्ही भाड्यानं राहत होतो. त्या हिवाळ्यात थंडी कडाक्याची होती, पण बर्फ जवळजवळ पडलाच नव्हता. एका सकाळी वॉशिंग मशीन लावलं आणि थोड्या वेळानं तळघरातल्या मोरीतून काळं पाणी वर यायला लागलं. वासाचं वर्णन करत नाही.

घरमालकाला फोन केला. त्याचं पहिलं वाक्य असं होतं की तुम्ही लोक स्वयंपाकात तेल फार वापरता.

मग मी कणकवलीला मामाला फोन केला. कोकणात त्याच्या घरामागे अशीच टाकी आहे. तो म्हणाला, "अगं, आधी नळ बंद कर, मग गाडी बोलव. आणि कुणाला आत उतरू देऊ नकोस." तिसरं वाक्य त्यानं दोनदा सांगितलं.

हा लेख या दोन उत्तरांमधल्या अंतराबद्दल आहे. टाकी भरली की एकाला भाडेकरू आठवतो, दुसऱ्याला आत उतरणारा माणूस. दोघांच्याही बोलण्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा तुकडा मुंबईत घडलेला आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण ती इतकी साधी आहे की लोक तिला विसरतात. घरातलं सगळं सांडपाणी जमिनीखालच्या बंद टाकीत जातं. जड गाळ तळाशी बसतो, तेल आणि चरबी साय धरल्यासारखी वर तरंगते, मधलं पाणी पुढे जमिनीत झिरपतं. आपल्याकडे ते शोषखड्ड्यात जातं, अमेरिकेत बहुधा चरांमधून पसरलेल्या ड्रेनफील्डमध्ये. मिनेसोटात माती चिकट असेल किंवा भूजल वर असेल तर वाळूचा उंचवटा बांधतात आणि पाणी त्यात पंपानं चढवतात. त्याला माउंड म्हणतात. टाकीत हवा नसते. हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला कुजवतात आणि गाळ थोडा कमी करतात. कमी करतात, संपवत नाहीत. म्हणून गाळ दर काही वर्षांनी उपसावाच लागतो. 'सेप्टिक' म्हणजे कुजवणारं. जखम 'सेप्टिक झाली' म्हणतो तोच हा शब्द.

फ्रान्समध्ये मूरास नावाच्या माणसानं अशा टाकीचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं होतं. पण 'सेप्टिक टँक' हे नाव रुळलं ते इंग्लंडमधल्या एक्झेटर शहराच्या सर्व्हेयरमुळे. डोनाल्ड कॅमेरॉननं १८९५ मध्ये ब्रिटिश पेटंट घेतलं, आणि टाकीतून निघणाऱ्या वायूवर तिथल्या परिसरात दिवेही लावून दाखवले. त्या काळच्या इंजिनिअरांना या कल्पनेची भुरळ पडली यात नवल नाही. मैला स्वतःच स्वतःची विल्हेवाट लावतो आणि वर उजेडही देतो!

दोन वर्षांत हा प्रयोग मुंबईत पोचला. कुठे, तर माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात. म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकारानं १८९० मध्ये तो सुरू झाला होता. आज वडाळ्याला त्यांच्याच नावानं जे कुष्ठरोग रुग्णालय आहे, ते हेच. १८९७ मध्ये तिथल्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय केली गेली आणि त्या वायूवर इंजिन चालवलं गेलं. मैल्यापासून मिळालेल्या वायूचा वापर भारतात कधीपासून, असं विचारलं की आजही पाठ्यपुस्तकं माटुंग्याचंच नाव घेतात. मुंबईच्या ड्रेनेज विभागाचे इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी पुढे १९०२ मध्ये 'ओरिएंटल ड्रेनेज' नावाचं पुस्तक लिहिलं. म्हणजे मुंबई फक्त शिकणारी नव्हती, ती इतर गरम देशांना शिकवायलाही निघाली होती.

पण त्या शहराची तेव्हाची स्थिती बघा. सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग उघडकीला आला होता. चाळींच्या मागे अरुंद घरगल्ल्या होत्या. वरून संडासाचा मैला खाली टोपलीत पडायचा आणि हलालखोर म्हटले जाणारे कामगार त्या गल्लीतून तो उचलून न्यायचे. जात ठरलेली, काम ठरलेलं. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' या नावाचा करच होता. एका माणसाच्या जातीवरून पडलेलं कामाचं नाव मालमत्तेच्या कराला मिळालं, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

माझ्या मते सेप्टिक टाकीचं खरं आश्वासन इथे दिसतं. कागदावर ते आरोग्याचं आश्वासन होतं, पण लोकांनी विकत घेतलं ते विसरण्याचं. टोपली रोज कुणीतरी उचलायची, म्हणजे तो माणूस रोज दिसायचा. टाकी तीन, पाच, दहा वर्षं दिसत नाही. त्यामुळे ती उपसणारा माणूसही दिसेनासा होतो. काम मात्र संपत नाही, ते साठून राहतं.

आता पुन्हा अमेरिकेकडे. कॅमेरॉनच्या शोधाचे इथले हक्क एका कंपनीकडे होते. तिनं टाक्या वापरणाऱ्या गावांकडे रॉयल्टी मागायला सुरुवात केली, कोर्टकचेऱ्या झाल्या. आमच्या शेजारच्या आयोवा राज्यातल्या नॉक्सव्हिल गावाचा खटला थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. १९१३ मध्ये निकाल लागला: मूळ ब्रिटिश पेटंटची मुदत १९०९ मध्ये संपली, तेव्हाच अमेरिकन पेटंटही संपलं. टाकी कुणाची, या प्रश्नाचं हे पहिलं कायदेशीर उत्तर. कुणाचीच नाही, म्हणजे सगळ्यांची.

दुसऱ्या महायुद्धानंतर ती खरोखर सगळ्यांची झाली. शहराबाहेर शेतजमिनीवर हजारो घरं उभी राहिली. गटाराची लाइन टाकायला पैसा आणि वेळ लागतो, टाकी एका दिवसात पुरता येते. अ‍ॅडम रोम यांच्या 'द बुलडोझर इन द कंट्रीसाइड' (२००१) या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण आहे, जरूर वाचा. शेतातल्या एकट्या घरासाठी ठीक असलेली वस्तू बिल्डरांनी एकमेकांना खेटून असलेल्या घरांसाठी वापरली, आणि प्रत्येक घराच्या अंगणात पिण्याच्या पाण्याची विहीरही होती. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

१९५९ मध्ये मिनेसोटाच्या आरोग्य खात्यानं मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या उपनगरांतल्या विहिरी तपासल्या. जवळपास निम्म्या घरगुती विहिरींत सांडपाणी उतरलेलं सापडलं. त्या काळातल्या डिटर्जंटचा फेस मातीत लवकर विरघळून नाहीसा होत नसे, त्यामुळे देशात अनेक ठिकाणी नळाखाली धरलेल्या ग्लासात फेस यायचा. म्हणजे आपलं किंवा शेजाऱ्याचं कपडे धुतलेलं पाणी आपणच पीत होतो, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नव्हती. घरकर्जांना हमी देणाऱ्या केंद्रीय संस्थेनं सार्वजनिक गटार नसलेल्या नव्या घरांबद्दल हात आखडता घेतला, तेव्हा मात्र हलचल झाली. (रोगराईनं जे होत नाही ते कर्ज अडल्यावर होतं.) १९६७ मध्ये राज्यानं मेट्रोपॉलिटन कौन्सिल स्थापन केलं आणि १९६९ मध्ये सगळ्या महानगराच्या सांडपाण्यासाठी एक बोर्ड.

ईडन प्रेरी तेव्हा खेडं होतं. १९६२ मध्ये त्याला व्हिलेजचा दर्जा मिळाला आणि १९७४ मध्ये ते सिटी झालं. आज आपल्या मंडळींना इथली ओळख असते ती कंपन्यांची ऑफिसं, तळी आणि चांगल्या शाळा अशी. जवळजवळ सगळं शहर गटारानं जोडलेलं आहे. पण कडेला राहिलेली काही जुनी घरं अजून टाकीवर आहेत, आणि अशी घरं भाड्यानं घेणाऱ्याला बहुधा ते माहीतही नसतं. आम्हाला नव्हतं. भाडेकरारात पाळीव प्राण्यांवर पाऊण पान होतं, टाकीवर एक ओळही नव्हती.

आता त्या तेलाकडे येते. कारण घरमालक रागाच्या भरात बोलला असेल, पण त्या वाक्याला कायद्यात एक नेमकी जागा आहे. मिनेसोटाच्या कायद्यानुसार घर राहण्यालायक आणि दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि करारात काहीही लिहून ती टाळता येत नाही. १९७१ मध्ये हे कलम आलं. १९७३ मध्ये 'फ्रिट्झ विरुद्ध वॉर्थन' खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टानं त्याला दात दिले: मालकानं घर नीट ठेवलं नाही, तर थकलेल्या भाड्यासाठी घराबाहेर काढण्याच्या दाव्यात भाडेकरू तोच बचाव घेऊ शकतो. त्याआधी शतकानुशतकं इंग्रजी कायद्याची समजूत उलटी होती. छत गळो नाहीतर मोरी तुंबो, भाडं द्यायचंच. पण या कलमाला एक अपवाद आहे. बिघाड भाडेकरूच्या जाणूनबुजून किंवा बेजबाबदार वागण्यानं झाला असेल, तर मालक सुटतो. 'तुम्ही लोक तेल फार वापरता' हे वाक्य बरोबर त्या फटीत बसतं. 'तुम्ही लोक' म्हटलं की पुरावाही फारसा लागत नाही, असं बोलणाऱ्याला वाटतं.

मी कायदा वाचत बसले, कारण काळं पाणी चढत असताना संशोधक दुसरं काय करणार? एक गंमत सापडली. घरात मैला उलटत असेल तर राज्याचे टाकीविषयक नियम त्याला सार्वजनिक आरोग्याला तातडीचा धोका मानतात, आणि नोटीस मिळाल्यापासून दहा महिन्यांत यंत्रणा सुधारायला सांगतात. भाडेकरूंच्या कायद्यात मात्र संडासाची सोयच बंद पडली तर मालकाला चोवीस तास आधी कळवण्याचा प्रयत्न करून कोर्टात तातडीचा अर्ज करता येतो. एकच टाकी, एकाच राज्याचे दोन कायदे, एकाचं घड्याळ महिन्यांचं आणि दुसऱ्याचं तासांचं. पहिला कायदा मालमत्तेकडे बघतो, दुसरा तिथे राहणाऱ्या माणसाकडे. कमी तातडीच्या दुरुस्तीसाठी तिसरा रस्ता आहे: लेखी कळवायचं, चौदा दिवस थांबायचं, मग भाडं मालकाऐवजी कोर्टात भरायचं. तुमच्यापैकी कुणी अशा घरात असाल तर एवढं करा: फोनवर भांडलात तरी त्याच दिवशी तारखेसह लेखी कळवा, फोटो ठेवा. आणि भाडं नुसतं थांबवू नका. तो सापळा आहे.

आम्ही पत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी गाडी आली.

गाडीवर एकच माणूस होता. त्यानं गोठलेली माती फोडून झाकण उघडलं, जाड होज आत सोडला आणि लांब उभा राहिला. इथे तो आत उतरत नाही, उतरायची वेळच येऊ नये अशी सोय आहे. नियमानं टाकी मुख्य झाकणातूनच उपसायची असते, म्हणजे तळाचा गाळ वरूनच नीट दिसतो. मला मामाचं वाक्य आठवलं.

मामा कणकवलीचा आहे हा योगायोग नाही म्हणायचा. अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम तिथलाच. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना अप्पांनी भंगीकाम मागितलं. तुरुंगाच्या रिवाजात ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांनाच दिलं जाई, म्हणून त्यांना नकार मिळाला. त्यांनी अन्न कमी केलं, आणि त्या डिसेंबरात येरवड्यात गांधींनी त्यांच्यासाठी उपास सुरू केला. पुढे कणकवलीत अप्पांनी 'गोपुरी संडासा'चे प्रयोग केले. मैल्याचं मातीत सोनखत व्हावं आणि कुणालाही ओला मैला हाताळावा लागू नये, हा त्यांचा हिशोब होता. कॅमेरॉनची टाकी बांधणाऱ्या इंजिनिअरांनी मैल्याचं काय करायचं ते विचारलं होतं. अप्पांनी तो उचलणाऱ्याचं काय, हे विचारलं. आपण त्यांचं नाव पाठ केलं, त्यांचा संडास नाही.

कारण २३ डिसेंबर २०१९ रोजी मुंबईत गोवंडीच्या एका हाउसिंग सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मेले. टाकीत साठलेल्या विषारी वायूनं माणूस काही श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही बहुतेकदा वर येत नाही. माणसाला असं टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं मार्च २०१४ मध्येच सांगितलं होतं. तरी त्या तिघांच्या पत्नींना मुंबई हायकोर्टात जावं लागलं. सप्टेंबर २०२१ मध्ये कोर्टानं राज्य सरकारला पैसे द्यायला लावले, आणि ते जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करायची मोकळीक दिली. तिथेही प्रश्न तोच होता. सोसायटीची टाकी, ठेकेदाराचं काम, सरकारचा कायदा. जो आत होता त्याची मात्र यातली एकही गोष्ट नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं रक्कम तीस लाख केली.

आमच्या टाकीचं निदान तसं साधं निघालं. तळाचा गाळ फार वर आला होता. नियमानं दर तीन वर्षांनी तरी टाकी तपासायची असते, पण मालकाला शेवटची पावती सापडली ती बरीच जुनी. त्यातच टाकीतून माउंडकडे जाणारा पाइप गोठला होता, कारण बर्फाची दुलई असली की जमीन उबदार राहते आणि त्या वर्षी ती नव्हती. तेल होतं का? होतं. वरचा थर त्यानं काठीनं ढवळून दाखवला, आणि म्हणाला की बेकन खाणाऱ्यांकडे याहून जाड असतो.

बिल मालकानं भरलं. एप्रिलच्या भाड्यासोबत त्यानं एक छापील पान पाठवलं, भाडेकरूंसाठी सूचना. पहिली सूचना तेलाबद्दल होती. टाकी कधी उपसली, याची तारीख त्यात नव्हती, म्हणून मी ती पेननं लिहिली आणि पान तळघराच्या दारावर चिकटवलं. आम्ही घर सोडलं तेव्हा ते तिथेच होतं.