सागरी जलतरण : महाराष्ट्रातील महिला

समुद्र, खाडी किंवा सामुद्रधुनी एका दमात पोहून पार करणे, हा लांब पल्ल्याच्या सागरी जलतरणाचा गाभा. वेटसूट चालत नाही. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी व गॉगल एवढेच. मीठ आणि घर्षणाने कातडी सोलू नये म्हणून काखेत, मानेला ग्रीस चोपडतात. पेय-खाऊ सोबतच्या बोटीवरून काठीने किंवा दोरीने पोहोचवला जातो. बोटीला आधारासाठी हात लागला, की मोहीम बाद. निरीक्षक वेळ नोंदवतो.

इंग्लिश खाडी (किमान रुंदी सुमारे 33 किमी.) ही या खेळातली मानाची कसोटी. अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्ली 1926 मध्ये ती पोहणाऱ्या पहिल्या महिला. त्यांनी पुरुषांचा तेव्हाचा विक्रमही मोडला. 29 सप्टेंबर 1959 रोजी कोलकात्याच्या आरती साहा पहिल्या आशियाई महिला ठरल्या. मुंबईच्या अनिता सूद यांनी 1987 मध्ये हे अंतर 8 तास 15 मिनिटांत कापले. रूपाली रेपाळे यांनी 1994 मध्ये, अवघ्या 12 व्या वर्षी, खाडी पार केली. नाशिकच्या तन्वी चव्हाण-देवरे यांनी जून 2024 मध्ये ती 17 तास 42 मिनिटांत पोहून पूर्ण केली. त्या जुळ्यांच्या आई आहेत. पुढच्याच महिन्यात मुंबईची स्वमग्न जलतरणपटू जिया राय हिने वयाच्या 16 व्या वर्षी तोच पल्ला गाठला. तिने 2022 मध्ये पाल्कची सामुद्रधुनीही पार केली होती.

राज्यातील परिचित सागरी मार्ग धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया, सुमारे 36 किमी. येथे भरती-ओहोटीचे वेळापत्रक ताकदीइतकेच महत्त्वाचे. प्रवाह उलटला, की हात मारूनही माणूस जागच्या जागी राहतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील स्पर्धेत कमी पल्ल्याच्या शर्यतीही होतात.

पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवडमधील पिंपळे सौदागर पवना नदीच्या काठी असले, तरी नदी सांडपाण्याने पोहण्याजोगी उरलेली नाही आणि समुद्र घाटाखाली. तेथील मुलीला सराव तलावातच करावा लागतो : 50 मीटरच्या तलावात धरमतरचा पल्ला म्हणजे 720 फेऱ्या. तलावात दम वाढतो. लाटा, खारे पाणी आणि थंडी यांची सवय मात्र होत नाही. इंग्लिश खाडीसाठी आता किमान वय 16 असून, 16 अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड पाण्यात सलग 6 तास पोहल्याचा दाखला द्यावा लागतो. कोकणचा समुद्र इतका थंड कधीच नसतो.